वेल मूळची कुठली?

आमच्याकडे तिला आइसक्रीमची वेल म्हणतात. का म्हणतात ते कुणालाच सांगता येत नाही. गुलाबी रंगावरून पडलं असेल नाव. पानं पत्त्यांतल्या बदामासारखी, कडा जरा चुरगळलेल्या, आणि फुलांचे घोस असे की लग्नाच्या मांडवाला आयते टांगावेत. नीट पाहिलं तर घोसाच्या टोकाला बारीक तणावे दिसतात. म्हणजे फुलतानाच ती पुढची जागा पकडत असते. शास्त्रीय नाव अँटिगोनॉन लेप्टोपस, मूळ घर मेक्सिको. तुमच्याही गावात ती असणार. जुन्या सरकारी क्वार्टरच्या फाटकावर, शाळेच्या कुंपणावर, कुणीतरी हौसेने लावून मग बदली होऊन निघून गेलं अशा जागी तर हमखास.

जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून थोडं आत आमचं घर आहे. मागे परस, परसाला लागून ओढा, ओढ्यापलीकडे दुसऱ्याचं रान. परसाच्या कोपऱ्यात ही वेल वीसेक वर्षं आहे. आधी ती एका तारेवर होती. मग शेवग्यावर गेली, शेवग्यावरून कढीपत्त्यावर, तिथून डाळिंबावर. अमरवेल जशी दुसऱ्याच्या अंगात तोंड घालून रस ओढते तसं ही काही करत नाही. ती नुसती वर पसरते आणि खालचं झाड उन्हावाचून वाळत जातं. शेवग्याची फांदी तर तिच्या ओल्या वजनानेच मोडली. गेल्या दोन पावसाळ्यांत ती शेजारच्या काकांच्या बराखीवर चढली. बराख म्हणजे कांदा साठवायची जागा, बाकी महाराष्ट्रात जिला कांदाचाळ म्हणतात ती. तिथे वारा खेळता राहिला तरच कांदा टिकतो. वेलीने एक बाजू बुजवली आणि त्या बाजूचा कांदा सडला. काका काही बोलले नाहीत. सडक्या कांद्याची एक पाटी आणून त्यांनी आमच्या ओट्यावर ठेवली आणि गेले.

तोडून ती मरत नाही. जमिनीखाली तिचे कंद असतात, काही बोराएवढे, काही मोठ्या रताळ्याएवढे. वरचं सगळं कोयत्याने साफ केलं तरी पहिल्या पावसानंतर कंदांतून लालसर कोंब येतात. कंदाचा तुकडा राहिला तरी त्यातून वेल येते. तोडलेला पसारा ओढ्यात टाकावा तर तिची फळं पाण्यावर तरंगतात आणि खाली कुणाच्या तरी बांधाला लागतात. कॅरिबियन समुद्रात सिंट युस्टेशियस नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथेही ही वेल शोभेसाठी आली आणि आज बेटाचा मोठा भाग तिच्याखाली आहे. त्या बेटाचे फोटो पाहिल्यावर आमचा परस मला फार ओळखीचा वाटला.

ही वेल काढायची, यावर घरात तसं दुमत नव्हतं. प्रश्न होता तो का काढायची याचा. कारणाने काय फरक पडतो, वेल तर जाणारच, असं तुम्ही म्हणाल. मला वाटतं पडतो, आणि बराच पडतो.

त्याला निमित्त झालं टपरीवरचं बोलणं. मी बेंगळुरूत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, सणासुदीला आणि घरून काम करायची परवानगी मिळेल तेव्हा गावी येतो. टपरीवर चहा पिताना मी वेलीचं सांगत होतो. ती मेक्सिकोची आहे म्हटल्यावर ओळखीतला एक जण हसून म्हणाला, "म्हंजे परप्रांतीयच निघाली की! हाकला मग." सगळे हसले. मीही हसलो, विनोद वाईट नव्हता. पण टपरीवर चहा उकळणारा मुलगा बिहारचा होता, आणि तोही हसला. त्याचं हसणं कुठल्या जातीचं होतं ते मला लगेच कळलं, कारण बेंगळुरूत मी ते रोज हसतो. सहा वर्षं झाली, माझं कन्नड अजून भाजीवाला आणि रिक्षावाला यांच्यापुरतंच आहे. 'बाहेरून आलेल्यांनी शहराची वाट लावली' ही चर्चा ऑफिसच्या कँटीनमध्ये सुरू झाली की मी डब्यात बघतो आणि योग्य जागी हसतो.

तर 'ती बाहेरची आहे' हे वेल उपटायचं कारण होऊ शकतं का?

याचं एक उत्तर आपल्या ताटात आहे. बाजरी मूळची आफ्रिकेतली. कांदा मध्य आशियाकडचा. मिरची अमेरिका खंडातून आली, शेंगदाणाही तिकडचाच. म्हणजे भाकरी, कांदा आणि ठेचा, ज्याला आपण अस्सल मातीतलं जेवण म्हणून रील्समध्ये मिरवतो, त्यातला एकही घटक या मातीत जन्मलेला नाही. नारायणगावचा बाजार ज्या टोमॅटोवर चालतो तो दक्षिण अमेरिकेतून निघाला आणि मेक्सिकोत माणसाळला. आंबेगावातल्या सातगाव पठाराची ओळख असलेला बटाटा अँडीज पर्वतातला. आणि दसऱ्याला दाराला जो झेंडू बांधतो, तो तर आमच्या वेलीचा गाववालाच, मेक्सिकोचा. उलट अमरवेल पक्की इथली. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून ती इथल्याच बोरीबाभळींचा जीव घेते.

बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट घातक असती तर आपण केव्हाच उपाशी मेलो असतो. आयपीबीईएस या जैवविविधतेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०२३ चा अहवाल सांगतो की माणसाने जगभर ३७,००० हून जास्त प्रजाती नव्या ठिकाणी नेऊन रुजवल्या आहेत. त्यांपैकी घातक ठरल्या त्या ३,५०० च्या वर. वनस्पतींपुरतं पाहिलं तर शंभरातल्या सहा. नव्वदहून जास्त आपापल्या कोपऱ्यात गपगुमान जगत असतात, आणि त्यांच्यातल्या काहींची आपण भाजी करतो.

तरीही या सगळ्या विषयाची भाषा युद्धाची आहे. आक्रमण, घुसखोरी, हल्ला, शत्रू. चार्ल्स एल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं १९५८ चं पुस्तक या अभ्यासाचा पाया मानलं जातं. त्याच्या नावातच 'आक्रमणं' आहेत. महायुद्ध पाहिलेल्या पिढीला दुसरे शब्द सुचले नसतील, असं आपण समजून घेऊ. पण शब्द एकाच दिशेने वाहत नाहीत. १९४२ मध्ये जर्मनीतल्या काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी मध्य आशियातून आलेल्या एका लहानशा फुलझाडाच्या समूळ उच्चाटनाची हाक दिली, आणि त्या मोहिमेची तुलना बोल्शेविझमविरुद्धच्या लढ्याशी केली. ते फुलझाड कोणतं होतं? आपल्या तेरड्याचं सख्खं भावंड, त्याच कुळातलं आणि त्याच प्रजातीगटातलं. आपण गौरी म्हणून वाजतगाजत घरात आणतो तो तेरडा. त्या वर्षी त्या देशात माणसांचं काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको. झाडाबद्दलची भाषा माणसांकडे गेली की माणसांबद्दलची झाडाकडे आली, हे ठरवणं अवघड आहे. ये-जा होती एवढं खरं.

इथवर आल्यावर सोपा मार्ग असा दिसतो: मूळ बघूच नका, फक्त वागणूक बघा. २०११ मध्ये मार्क डेव्हिस आणि इतर अठरा शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात जवळपास हेच लिहिलं होतं, की प्रजातींना त्यांच्या उगमावरून जोखू नका. ते वाचताना मी मान डोलावत होतो. मग कळलं की त्याला उत्तर म्हणून १४१ शास्त्रज्ञांनी सह्या करून आक्षेप नोंदवला होता. त्यांचं म्हणणंही टाकाऊ नाही. एखादी वनस्पती परक्या भूमीत येते तेव्हा तिला खाणारे किडे आणि तिला लागणारे रोग मागेच राहिलेले असतात. त्यामुळे ती मोकाट सुटायची शक्यता वाढते. शिवाय बरेच पाहुणे वर्षानुवर्षं शांत असतात आणि मग अचानक पसरतात. त्रास दिसेपर्यंत थांबायचं म्हटलं तर तोवर हाताबाहेर गेलेलं असतं. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणूनच भारतात आणली गेली. आज आमच्या भागातल्या डोंगरउतारांवर तिच्यातून वाट काढताना अंगावर ओरखडे घेत जावं लागतं. ती बागेत होती तेव्हाच कुणी संशय घेतला असता तर?

म्हणजे झाडांच्या बाबतीत मूळ हा पुरावा आहे. निकाल नव्हे, पण पुरावा. संशयावरून कारवाई करणं तिथे शहाणपणाचं असू शकतं, आणि मी ते नाकारणार नाही.

मला वाटतं, खरी गोम इथे आहे. माणसांच्या बाबतीत आपण हे कधीच मान्य करता कामा नये. 'तिकडून आलेल्यांपैकी काही जण त्रास देतात, म्हणून हाही देईल, म्हणून आत्ताच हाकला' हे वेलीबद्दल व्यवहार्य धोरण आहे. माणसाबद्दल तो अन्याय आहे, मग आकडे काहीही सांगोत. फरक कशात आहे? वेलीशी बोलता येत नाही. 'बराखीवर नको चढू, तारेवर राहा' हे तिला सांगता येत नाही. तिला दोष देता येत नाही तसंच तिच्यावर विश्वासही टाकता येत नाही. तिच्याबरोबर ठरवाठरव होत नाही. माणूस उत्तर देतो. तो भाषा शिकतो, निदान भाजीवाल्यापुरती. तो बदलतो, आणि आपल्यालाही बदलतो. त्याने काय केलं याचा हिशोब त्याच्या एकट्याच्या नावावर मांडता येतो. टपरीवरचा विनोद मला खटकला तो यासाठी. त्याने वेलीला माणूस केलं याला माझी हरकत नाही, आपण मांजरालाही माणूस करतो. त्याने माणसाला वेल केलं.

आणि हा विनोद जुन्नरमध्ये व्हावा याचीही मला गंमत वाटली. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी मार्गावरचं हे गाव. शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांमध्ये ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. एकात इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी दिल्याचं कोरलंय. दुसऱ्यात चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिल्याचं. मानमोडीच्या डोंगरात तिसऱ्या यवनाचा लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षं झाली. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले परके, आणि ते स्वतःला दगडावर यवनच म्हणवून घेतात. कुठून आलो ते लपवत नाहीत; आणि इथे काय दिलं तेही लिहून ठेवतात. पुढे मलिक अंबरने निजामशाहीचा कारभार काही काळ याच जुन्नरमधून चालवला. तो जन्मला इथिओपियात. शेजारच्या आंबेगावची गोष्ट तर याच्या उलट. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं घोडेगावला. तिथल्या लोकांना उठून दुसरीकडे जावं लागलं आणि तिथे ते धरणग्रस्त, म्हणजे बाहेरचे, झाले. ज्यांचं मूळ सरकारी नकाशावर तालुक्याच्या नावात छापलेलं आहे, त्यांनाच 'तुम्ही मूळचे कुठले' हा प्रश्न.

बरं, वेलीकडे परत येऊ. ती काढायचं कारण आता निदान माझ्यापुरतं स्पष्ट होतं: ती बराख, डाळिंब आणि ओढाकाठ मारते आहे, आणि तिच्याशी बोलणी शक्य नाहीत. पण एवढ्याने कुदळ उचलायला मोकळीक मिळते का?

आमच्या कामात 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड आहे. कोडमधली कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते ती दाखवते. नाव 'ब्लेम' असलं तरी शहाणी माणसं ती दोष द्यायला वापरत नाहीत. एखादी विचित्र ओळ काढून टाकायच्या आधी ती का घातली होती हे शोधायला वापरतात. बऱ्याचदा कळतं की ती ओळ कुठलं तरी ओझं गुपचूप उचलून उभी आहे. म्हणून मी आईला विचारलं, ही वेल लावली कुणी?

तिनेच लावली होती. मी चौथीत असताना, कुकडी प्रकल्पाच्या वसाहतीतल्या एका क्वार्टरवरून फांदी आणून. तेव्हा आमची न्हाणी परसात होती, तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला पडदा. शेजारी रस्ता. पत्र्याला भोकं होती आणि रस्त्याने माणसं जायची. वेलीने एका पावसाळ्यात सगळं झाकलं. "पैसं कुठं व्हतं भिंतीला," आई म्हणाली. "हिला पानी बी घालावं लागलं न्हाई." घरात बाथरूम झालं तेव्हा मी इंजिनियरिंगला होतो. पण धुणं अजून तिथेच होतं, बायकांचे कपडे तिथेच वाळतात, आणि दुपारी सगळं आवरलं की आई त्या वेलीच्या मागे दगडावर बसते. आमच्या घरात ओट्यावर पुरुष, स्वयंपाकघरात येणारं-जाणारं, पुढच्या खोलीत टीव्ही. कुणालाही न दिसता तिला बसता येईल अशी ती एकच जागा. "काढायची तर काढ," ती म्हणाली. "पण कोपरा उघडा पडंल, त्याचं काय?"

या प्रश्नाला आयपीबीईएसच्या अहवालात उत्तर नाही. अहवालाची ती चूकही नाही. पण 'उपटा' म्हणणारे बहुतेक वेळा माझ्यासारखे असतात, चार दिवस येणारे, वाचून आलेले. आणि उपटल्यानंतरच्या मोकळ्या जागेत राहायचं असतं दुसऱ्या कुणालातरी. डोंगरावर घाणेरी काढून मोकळी केलेली जमीन तशीच सोडली की तिथे परत घाणेरीच येते, हे वनखात्यातला कुणीही सांगेल. झाड जे काम करत होतं ते काम आपण उचललं नाही, तर काढण्याला अर्थ राहत नाही. आणि ते काम कुठलं, हे त्या झाडाच्या सावलीत बसणाऱ्यालाच ठाऊक असतं.

नानांनी, म्हणजे वडिलांनी, त्यात आणखी एक भर घातली. दिवाळीच्या सुमाराला ती वेल मधमाश्यांनी नुसती घुमत असते. नाना कांद्याच्या बियाण्यासाठी डेंगळे लावतात. त्यांना पुढे फुलं आली की माश्या लागतात. आधीच फवारण्यांनी माश्या कमी. म्हणून तणनाशक मारायचा विषय तिथेच संपला, तसाही विहिरीच्या एवढ्या जवळ तो मला नको होता. ठरलं असं: पहिला वळीव झाला की बराखीवरचा आणि शेवग्यावरचा भाग काढायचा, आईचा कोपरा आणि ओढ्याकडची बाजू फुलं संपेपर्यंत ठेवायची, मग जानेवारीत उरलेलं. मधल्या काळात माश्यांसाठी नानांनी बांधाला तुळस आणि सूर्यफूल लावलं. सूर्यफूल उत्तर अमेरिकेतलं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग काय, परत पाठवू?"

कामाचं फार सांगत नाही. वळवाने माती मऊ झाली की कंद काढायला सोपं जातं, पण वरून घाव घातला तर कंदाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पुढच्या वर्षी हजर. एका बाजूने पहारीने माती सैल करून, हात घालून, मुळाच्या मागे मागे जावं लागतं. पहिल्या दोन दिवसांत दोन घमेली कंद निघाले. ते पत्र्यावर उन्हात पार वाळवले आणि मग जाळले. काकांच्या बराखीची बाजू मोकळी झाली, त्या वेळी काकाही कोयता घेऊन आले होते. कांद्याच्या पाटीचा विषय दोघांनीही काढला नाही.

कोपऱ्यासाठी मी भिंतीचा अंदाज काढला होता, विटा, सिमेंट, मजुरी, सगळं फोनवर. आईने भिंत नको म्हटलं. वारा बंद होईल आणि भिंतीपलीकडे कोण उभं आहे ते कळणार नाही, असं तिचं म्हणणं. बांबूच्या तट्ट्या लावल्या, त्यावर तिने वालाचे आणि घेवड्याचे वेल चढवले. मी तट्टी जुन्या वेलीच्या रेषेतच रोवली होती. तिने ती काढायला लावून दोन फूट डावीकडे घेतली. आता ती बसते तिथून फाट्यापर्यंतचा रस्ता दिसतो.

या ऑगस्टमध्ये मी आलो तेव्हा परसात जुन्या कंदांतून अकरा कोंब आले होते. नानांनी त्यातले बरेचसे खुरप्याने आधीच काढले होते, उरलेले मी काढले. बारावा ओढ्याच्या पलीकडे आहे, चांगला हातभर वाढलेला, आणि ती जमीन आमची नाही. तिथल्या मालकाला त्याची फुलं आवडतात असं कळलंय. रविवारी त्याच्याकडे जायचं आहे. वालाच्या शेंगा घेऊन जा, आई म्हणतेय.